गल्लीच्या तोंडाशी दोन खांब

भूकंपानंतरची दोन-तीन वर्षं लातुरात घरोघरी एक लोटा सरळ, त्यावर दुसरा पालथा आणि त्याच्या बुडावर एक वाटी, अशी रचना असायची. जमीन हलली की वाटी पडणार, वाटी वाजली की आपण बाहेर पळणार. आमच्या घरी ही रचना मी स्वतः केली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचोही.

एका दुपारी वाटी पडली. मी जेवून आडवा झालो होतो. उठलो, हाताला लागलं ते उचललं आणि तीन ढांगांत गल्लीत. बाहेर आल्यावर कळलं, हाताला कुकर लागलाय. समोर एक मॅटाडोर गुरगुरत मागं मागं येत होता, कोपऱ्यावरच्या नव्या क्लासची बाकडी घेऊन. भूकंप तेवढाच होता. बायको आत झोपली होती, ती डोळे चोळत दारात आली. तिनं आधी कुकरकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कुकर वाचला का हो?"

आज इतकी वर्षं झाली, पण आम्ही कुठं प्रवासाला निघालो की ती हे विचारतेच. गल्लीतली वाहतूक कमी करायची चळवळ मी पोरांच्या सुरक्षेसाठी सुरू केली, असं मी चारचौघांत सांगत आलो. खरं कारण तो कुकर.

गल्ली जेमतेम दहा फुटांची. एकेकाळी तिथं दुपारी शेळी बसली तर संध्याकाळी उठायची. पण लातूरची पोरं बोर्डात झळकायला लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आईबाप पोरं घेऊन यायला लागले. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची त्यानं ती पोरांना दिली, ज्याच्याकडं दोन, त्यानं क्लासला. सकाळी सहाच्या बॅचला आमच्या गल्लीत सायकलींच्या घंट्यांचा असा गजर व्हायचा की देवळातला पुजारी गोंधळून जाई. सायकलींचा काही त्रास नव्हता. त्यांच्या मागनं आल्या जीपा, टेम्पो आणि रिक्षा. मुख्य रस्ता तुंबला की सगळे आमच्या गल्लीतनं आडवाट काढायचे.

गल्लीच्या शेवटी एका मावशीची खाणावळ होती. भूकंपात मावशीचं गावातलं घर गेलं, तशी ती लातुरात येऊन दोन खोल्यांत मुलींना जेवू घालायला लागली होती. भोकर, उदगीर, कुठकुठल्या मुली दोन वेळा सायकलीवर यायच्या. एके दिवशी एका टेम्पोनं त्यातल्या एकीला कट मारला. कोपर सोललं, सायकलीच्या चाकाचा पापड झाला. तिचे वडील भोकरहून आले आणि मुलीला मुख्य रस्त्यावरच्या दुसऱ्या खाणावळीत घालून गेले. तिच्या मागं पाच गेल्या. पुढच्या आठवड्यात आणखी चार.

मावशी माझ्या दारात येऊन बसली. "भाऊ, तुम्ही इंजिनेर हाव म्हणं. त्या गाड्यांचं कायतरी करा. पोरी अशाच गेल्या तर मला बी ही चूल मोडून जावं लागतंय. आन् जावं कुठं? मागं घर न्हाई."

इथं एक कबुली. मी इंजिनेर नव्हतो. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होतो हे खरं, पण तीन वर्षांत माझी जास्त ओळख धरणाच्या पाण्याशी झाली, पुस्तकांशी बेताची. दोष कॉलेजचा नाही, पाणी फार सुंदर होतं. पुढं डिप्लोमावर एका कचेरीत ओव्हरसियर झालो. गल्लीनं आपल्या मनानं मला इंजिनेर केलं आणि मीही तो मान परत केला नाही.

तर इंजिनेरानं योजना काढली. गल्लीच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवायचे. सायकल जाईल, स्कूटर जाईल, माणूस जाईल, बाकी सगळं बाहेर. नगरपालिकेत अर्ज दिला. तिथला माणूस म्हणाला, "अर्ज चांगला लिहिलाय." त्यापुढं काही झालं नाही. मग आपणच करू म्हणून मी वही घेऊन घरोघर फिरलो. कोणती वाहनं आत नकोत ते ज्यानं त्यानं सांगायचं आणि खाली सही करायची.

फार एकमत झालं. रिक्षावाला म्हणाला जीप नको. जीपवाला म्हणाला रिक्षा नको. ज्याच्याकडं काहीच नव्हतं तो म्हणाला विमान जरी आलं तरी आत घेऊ नका. अडले ते फक्त एक निवृत्त गुरुजी.

"अहो साहेब, उद्या पुन्हा भूकंप झाला तर पळायचं कुठून?"

"गुरुजी, पळणार तुम्ही पायांनीच ना? खांबांच्या मधनं तीन माणसं एकदम जातील."

"आणि माझं कपाट?"

"कपाट घेऊन पळणार?"

"तुम्ही कुकर घेऊन पळालात, तेव्हा मी विचारलं होतं का?"

कुकरची बातमी गुरुजींपर्यंत पोचली होती, म्हणजे सगळीकडं पोचली होती. तरी त्यांनी सही केली. अक्षर मात्र मुद्दाम वाकडं काढलं.

रविवारी खांब रोवले. सिमेंट मी स्वतः कालवलं. गल्लीच्या तोंडाशी सायकलदुरुस्तीचं दुकान असलेले चाचा पंक्चर काढता काढता बघत होते.

"साब, पक्का गाड रहे क्या?"

"एकदम पक्का, चाचा. हत्ती आला तरी हलायचा न्हाई."

"हत्ती का तो ठीक है," चाचा म्हणाले आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायला लागले. मला वाटलं कौतुक केलं.

चार दिवस गल्लीत नुसत्या घंट्या. मुली दोघी-दोघी गप्पा मारत शेजारून सायकल चालवायच्या. गेलेल्यांपैकी तिघी परत आल्या. मावशीनं मला वाटीभर शेंगदाण्याची चटणी पाठवली. घरी वाटी लोट्यावरनं उतरून पुन्हा ताटात आली. मी ऑफिसात "शहर नियोजन" हा शब्द वापरायला लागलो.

पाचव्या दिवशी पाण्याचा टँकर आला.

नळाला आठवड्यातनं एकदा पाणी यायचं, तेही दोऱ्याएवढ्या धारेनं. त्यामुळं टँकरच्या दिवशी गल्ली सकाळपासून हंडे, घागरी, ड्रम मांडून बसलेली. टँकर तोंडाशी थांबला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मान बाहेर काढून खांब बघितले, एकदा वर आभाळाकडं बघितलं आणि गाडी वळवून पुढच्या गल्लीत गेला. हंड्यांची रांग तशीच.

मी वही काढली. जीप, टेम्पो, रिक्षा, ट्रॅक्टर, मॅटाडोर, ट्रक, विमान. गल्लीतल्या एकालाही टँकर सुचला नव्हता, मलाही नाही. कारण आम्हा लातूरकरांच्या मनात टँकर हे वाहन नव्हतंच. तो येतो तेव्हा कोणी "गाडी आली" म्हणत नाही, "पाणी आलं" म्हणतात. पाणी कधी कोणी यादीत लिहितं का?

हे मी गल्लीला समजावून सांगायला गेलो. गल्ली समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती.

"इंजिनेर हाय म्हणं!"

"आमचं पाणी आडवून राहिले आन् वर हिशेब सांगून राहिले!"

"उद्या सकाळी खांब कापा. म्या कटर आणतो."

गुरुजी फक्त रिकामी बादली घेऊन माझ्या दारावरनं दोनदा गेले.

सगळ्यांत वाईट अवस्था मावशीची. तिच्या दारात चाळीस ताटं पडलेली, ती घासायला पाणी नाही. खांब राहिले तर पाणी नाही, खांब गेले तर मुली नाहीत. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "भाऊ, तुम्ही माझ्यासाठीच केलतंव. कापू द्या. बघू काय व्हतंय ते."

त्या दुपारी मी आणि मावशी खांबांपाशी उभे होतो, ती बघत होती आणि मी बघतोय असं दाखवत होतो. चाचा दुकानातनं म्हणाले, "साब, जरा इधर आव."

त्यांच्यापुढं एका मुलीची सायकल होती, सीट उंच झाली म्हणून आणलेली. चाचांनी बोल्ट सैल केला, सीट दांड्यासकट वर ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. मग घेतली, परत नळीत घातली, बोल्ट आवळला.

"निकली?"

"निघाली."

"बैठी?"

"बसली."

"फिर तुमारा खंबा कायकू नै निकलता?"

मी म्हणालो, "चाचा, हे तुम्ही रविवारी का न्हाई सांगितलं?"

"तुम हत्ती का बोले. मैं समझा, हत्तीच का बंदोबस्त होयंगा."

दुसऱ्या दिवशी कटरवाला आला, पण त्याच्याकडनं आम्ही वेगळंच काम करून घेतलं. खांब जमिनीलगत कापले, बुडखा फोडून काढला आणि तिथं जाडजूड नळी पुरली. खांब त्या नळीत बसायचा, आरपार सळई जायची, सळईला कुलूप. टँकर आला की कुलूप काढा, खांब उपसा. पाणी भरलं की पुन्हा घाला.

मग भांडण किल्लीवरनं. जीपवाल्याला किल्ली हवी होती. रिक्षावाला म्हणाला त्याला दिली तर मलाही द्या. क्लासच्या सरांना बाकडी आणायला हवी होती. मी स्वतः, योजनेचा जनक म्हणून, एक ठेवून घ्यायच्या बेतात होतो. शेवटी गुरुजी पहिल्यांदाच माझ्या बाजूनं, म्हणजे खरं तर माझ्या विरुद्ध, बोलले. "जिला पाणीही हवं आणि रस्ताही बंद हवा, तिच्याकडंच किल्ली द्या. बाकीच्यांना दोन्हींपैकी एकच हवंय." दोन्ही कुलपांची एकच किल्ली मावशीच्या पदराला गेली.

या निर्णयाचा पहिला बळी मी. पुढच्याच रविवारी लोह्याहून सासरे आले, भाड्याची जीप, मागं ज्वारीची पोती. गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "जावईबापू, हे काय रोवलंव?"

"मामा, योजना हाय. थांबा, किल्ली आणतो."

मावशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "टँकर हाय का?"

"जीप हाय. दोन मिनिटं खोला."

"मग न्हाई."

"अहो, सासरे हायत माझे!"

"येऊ द्या की. चालत. माणसाला कुठं खांब आडवा हाय?"

मी तिला योजनेतल्या अपवादांबद्दल सांगू लागलो. तिनं भाकरी उलटली. "भाऊ, आज तुमच्या सासऱ्याला खोललं, उद्या त्या जीपवाल्याच्या मेहुण्याला खोलावं लागतंय. मग परवा माझ्या पोरीला टेम्पो धडकतो."

ओव्हरसियरीत इतकी वर्षं काढून मला इतकं सरळ बोलता आलं नव्हतं. परत फिरलो. चाचांची दुकानातली सायकल घेतली, कॅरिअरवर पोतं आडवं टाकलं आणि ढकलत निघालो. सासरे मागनं दोन्ही हातांनी पोतं सावरत, तोंडानं माझ्या शिक्षणाचा उद्धार करत. तीन खेपा झाल्या. चौथ्या पोत्याच्या वेळी चाचांना सायकल हवी होती, म्हणून ते मी खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. मुली आल्या. आता सगळ्या परतल्या होत्या, वर आणखी काही नव्या. मावशीच्या दारापासनं सायकली लागत लागत पार आमच्या दारापुढं आल्या, हँडलात हँडल अडकवून. पोतं खांद्यावर घेऊन मी माझ्याच घरासमोर उभा, आणि आत शिरायला बोटभर फट नाही. बायको दारातनं बघत होती. तिच्या ओठांवर कुकर आलेला मला दिसला.

"मावशी, ह्या सायकली काढायला सांगा की ओ!" मी ओरडलो.

आतनं ताटांचा आवाज आला, मग मावशीचा. "आत्ताच बसल्यात पोरी. पोतं ठेवा खाली, भाऊ, आन् तुम्ही बी या दोन घास खायाला. तवर निघत्यात."