उलटलेली फळी

जुन्या सायकल-धावपट्टीच्या फळ्या जाळायच्या नाहीत, उलटून नव्या बंदिस्त मैदानात बसवायच्या, हा हट्ट जपानमधल्या इझूच्या टोकुजी सुताराचा. हाताशी चांगलं लाकूड असताना नवं झाड कशाला पाडायचं, असं त्याचं म्हणणं. आज सायकलपटू कानाए त्यांवर पहिली फेरी मारणार होती. फळी उलटली की लाकडाच्या रेषांचा कल फिरतो, म्हणून तिची टोकंही फिरवावी लागतात. नाहीतर चाकांच्या घासण्यानं कुसळ उठतं, आणि पडणाऱ्याच्या मांडीत भाल्यासारखं घुसतं. एखादी तशीच राहिली असली तर?

धावपट्टीच्या उभ्या वळणावर तो फळ्यांवरून रेशमी रुमाल फिरवत होता.

"काका, पट्टीला आंघोळ घालताय का?" कानाए हसली.

"हसतेस काय? सायकलवर चढू नकोस."

तेवढ्यात रुमाल एका कुसळात अडकला. टोकुजीनं बोटानं ती फळी चाचपली. एक राहिली, म्हणजे आणखी किती?

कानाएनं ते कुसळ पाहिलं आणि बूट काढले.

"एकूण फळ्या किती, काका?"

"नऊ हजार."

"मग अर्धा रुमाल मला द्या."

त्यानं तो मधोमध फाडला.