टॅलो लेन फाट्याचा ड्रायव्हर

टॅलो लेनचा फाटा कसा चालायचा हे आता सांगितलं तर लंडनमधली तरुण पोरं हसतात. मुख्य लाइनपासून फुटलेलं एक आखूड भुयार, त्यात एकच रूळ, आणि त्या रुळावर एकच गाडी. तीन डब्यांची. सकाळी ती मुख्य लाइनवरून आत यायची, कचेऱ्यांच्या वेळेपुरत्या फेऱ्या मारायची, दुपारी झोपायची आणि संध्याकाळी पुन्हा फेऱ्या मारायची. मधे सिग्नल नाही. कारण दुसरी गाडी आत येऊच शकत नसे. ड्रायव्हरजवळ एक लाकडी दांडा असायचा. दांडा ज्याच्याकडे, भुयार त्याचं.

या गाडीचा ड्रायव्हर होता कथबर्ट गिटन्स, आणि गार्ड मी, दळवी. ड्रायव्हर पुढच्या टोकाला, गार्ड मागच्या. टॅलो लेन स्टेशनला पुढं भुयार संपलेलं, त्यामुळं गाडी उलटी निघायची. मग गिटन्स गाडीची किल्ली काढून फलाटावरून मागच्या टोकाकडं चालू लागायचा आणि मी पुढच्या टोकाकडं. दर खेपेला आम्ही फलाटाच्या बरोबर मध्यावर भेटायचो. दुसऱ्या टोकाला, मुख्य लाइनच्या जंक्शनलाही तेच. आमची सगळी मैत्री अशी चालता चालता झाली. एकेक वाक्य, फार तर दोन.

"माझी बहीण नवऱ्याला सोडतेय," असं टॅलो लेनला म्हणून तो पुढं निघून जायचा. का सोडतेय, ते कळायला मला जंक्शनपर्यंत थांबावं लागायचं.

"घोरतो म्हणे," जंक्शनला उत्तर यायचं.

"एवढ्यावरून?"

"तू ऐकलं नाहीस त्याला," हे पुन्हा टॅलो लेनला.

निघायची वेळ घड्याळावर नव्हती, नोरीनवर होती. ही आयरिश बाई टॅलो लेनच्या लिफ्टमध्येच बसून तिकिटं विकायची. लिफ्ट वरून सुटली की ती खाली घंटी द्यायची. घंटी झाली की गाडी थांबवून धरायची. हे कुठल्याही नियमात नव्हतं. एखाद्या दिवशी लिफ्टमधून एकच म्हातारा वकील उतरायचा आणि सगळी गाडी आपल्यासाठी उभी आहे हे बघून शरमायचा.

"गाडी म्हणायची की टांगा रे ही?" मी गिटन्सला चिडवायचो.

"टांगा तर टांगा. हाकतो तर मी ना!"

हे तो गमतीनं म्हणायचा, पण त्यात गंमत थोडी होती. बार्बाडोसहून तरुणपणी रेल्वेनं बोलावून आणलेल्यांपैकी तो. आल्यावर हातात झाडू दिला. मग गार्ड केलं. ड्रायव्हरकीसाठी अर्ज केला की नाही म्हणायचे. एकदा तर त्याचे उच्चार प्रवाशांना कळणार नाहीत असं कारण दिलं. ड्रायव्हर प्रवाशांशी बोलतो कधी? मला आजही ते आठवलं की डोकं तापतं. शेवटी टॅलो लेनवर जायला कोणी तयार होईना, कारण तिथं ड्रायव्हरला भयंकर कंटाळा यायचा, म्हणून ती जागा गिटन्सला मिळाली. त्यानं ती सोडली नाही. टोपी नीट, बूट चकचकीत, आणि रविवारी चर्चमध्ये कोणी धंदा विचारला तर "ट्रेन ड्रायव्हर" हे दोन शब्द तो असे सावकाश म्हणायचा की ऐकणारा पुढचा प्रश्नच विसरायचा.

मग फाटा बंद झाला. लिफ्ट जुनी झाली होती आणि नवी बसवण्याइतके प्रवासी नव्हते. नोरीन निवृत्त होऊन गॉलवेला गेली. मला मुख्य लाइनवर गार्ड म्हणून घेतलं. गिटन्सला सांगितलं की मुख्य लाइनवर चाचणी द्या. पास झालात तर ड्रायव्हर, नाहीतर तिकीट-फाटकावर उभं राहायचं. त्याच्या वयाला दुसरी संधी देणार नव्हते.

तो पोरासारखा अभ्यासाला बसला. सिग्नल पाठ केले. कँटीनमध्ये मला खारवलेल्या माशाच्या वड्या खिलवायचा आणि वर प्रश्न विचारायला लावायचा. वड्यांवर तो जो तिखट रस्सा ओतायचा, त्यानं कोल्हापूरच्या माझ्या जिभेलाही घाम फुटायचा.

"हे नाही जमलं तर?" एकदा मी विचारलं.

"जमणार. फाटकावर नाही उभा राहणार मी, दळवी. झाडूपासून इथवर आलोय, मागं नाही जायचं."

चाचणीच्या दिवशी गाडी प्रवाशांनी भरलेली होती. पुढं गिटन्सच्या शेजारी परीक्षक ट्रँटर, मागच्या टोकाला गार्ड म्हणून मी. ती ड्यूटी मी मुद्दाम मागून घेतली होती. पहिली स्टेशनं अशी झकास गेली की डब्यात उभ्या माणसाचा तोलही हलला नाही. मी मनात म्हटलं, जिंकला गडी.

पुढचं स्टेशन आलं. त्याच्या भिंतीला टॅलो लेनसारख्याच हिरव्या-पांढऱ्या फरशा होत्या. गाडी थांबली, मी दारं उघडली, बाहेर डोकावलो. गर्दीतून गिटन्स माझ्याकडं चालत येत होता. टोपी नीट, किल्ली हातात.

खरं सांगतो, क्षणभर मला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. इतकी वर्षं हेच तर बघत होतो. फलाटाच्या मध्यावर तो जरा रेंगाळला, इकडंतिकडं बघितलं आणि तसाच पुढं आला.

"झोपलास काय रे? चल की पलीकडं," तो मला म्हणाला.

"गिटन्स," मी म्हटलं, "ही मुख्य लाइन आहे. आपल्याला पुढं जायचंय."

त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडं बघवेना म्हणून की काय, त्यानं मान वळवली, आणि नजर गेली मागच्या भुयारात. तिथं आमच्या मागून येणारी गाडी लाल सिग्नलला येऊन थांबली होती. तिचे दोन दिवे आमच्याकडं लागलेले. तो त्या दिव्यांकडं बराच वेळ बघत राहिला. मला हाक मारावी लागली.

मग तो सगळा फलाट पुन्हा चालत गेला. खिडकीतून एक बाई म्हणाली, "काय हो, घरी गॅस चालू राहिला का?" डबा हसला. पुढची सगळी स्टेशनं त्यानं बिनचूक घेतली.

शेवटच्या स्टेशनवर कँटीनमध्ये आम्ही तिघं बसलो. ट्रँटर वाईट माणूस नव्हता.

"त्या तिथं उतरलात," तो चहा ढवळत म्हणाला, "ते एखादं दार नीट लागलं नव्हतं म्हणून. बघायला गेला होतात. बरोबर ना?"

मी टेबलाखालून गिटन्सच्या पायाला पाय लावला.

"दारं ठीक होती, साहेब."

"नीट आठवा. गार्डनं खूण केली असेल. काय दळवी?"

"केली होती," मी ताबडतोब म्हटलं.

"हा खोटं बोलतोय," गिटन्स म्हणाला. "मी गाडी सोडून चालू लागलो. मागं माणसांनी भरलेली गाडी उभी होती, आणि ती तिथं आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं." त्यानं किल्ली ट्रँटरच्या कपाशेजारी ठेवली आणि तो उठला.

मी त्याला जिन्यात गाठलं. मी भयंकर संतापलो होतो.

"अक्कल गहाण ठेवलीस काय? तो देत होता ना! नुसतं हो म्हणायचं होतं!"

"तुझी पोरगी सुलभा याच लाइननं कामाला जाते ना?"

"जाते. त्याचं काय?"

"उद्या मी चालवत असलो तर बसवशील तिला?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, आणि शब्द बाहेर येईना. त्यानं राग मानला नाही. मान हलवली आणि जिना चढून वर गेला.

सोमवारपासून तो तिकीट-फाटकावर उभा राहिला. सुलभा रोज सकाळी त्याच्यासमोरून जायची. तो तिचा पास बघायचा, टोपीला हात लावायचा आणि तिला खाली गाडीकडं सोडायचा.