मांड्यावर पडलेला थेंब

पिंप्राळ्यात मांडे म्हटले की पुष्पाबाईंना बोलावणं जातं. पण हल्ली त्यांचं मनगट दुखतं. त्या पुरण भरून उंडा देतात आणि तो दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरवून पालथ्या खापरावर टाकण्याचं काम त्यांची भाची मेघा करते. तिच्या हातचा मांडा फाटत नाही. पुढे स्वतःच्या नावाने ऑर्डरी घ्यायच्या, असं तिच्या मनात आहे.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पंगत होती. अंगणात चूल, वर जळगावचं ऊन. मेघाच्या हातांवर मांडा पसरला होता आणि त्यावर लाल थेंब पडला. मग दुसरा. आम्हाला क्षणभर कळेचना. रक्त तिच्या नाकातून हनुवटीपर्यंत आलं होतं आणि हात मांड्यात गुंतल्यामुळे तिला ते पुसताही येत नव्हतं.

घोळणा फुटला म्हणून सगळे धावले. पुष्पाबाईंनी तिची मान मागे टेकवली. "मान वर कर. तुले ऊन लागेल शे."

माझ्या पत्नीने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. आमच्याकडे हेच करतात. रक्त थांबलंसं वाटलं, आणि मेघाला भडभडून ओकारी झाली. नुसतं रक्त. इतका वेळ ते घशातून पोटात जात होतं. पंगतीतली एक पाहुणी हळूच म्हणाली, "काही मोठं दुखणं असेल. हिच्या हातचं आता कोण खाईल?"

मेघाने ते ऐकलं.

रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी तिला पुढे वाकवलं. नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धर, तोंडाने श्वास घे, दहा मिनिटं सोडू नको, असं सांगितलं. रक्त थांबलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत, असं त्यांनी विचारल्यावर मेघाने मावशीकडे पाहिलं.

"मुरुमांच्या. चुलीपुढचं तोंड असंच राहायचं, असं तू म्हणायचीस. म्हणून सांगितलं नाही."

या गोळ्यांनी ओठ फुटतात, तसंच नाकही आतून कोरडं पडतं. त्यात चुलीची झळ, असं डॉक्टरांनी समजावलं. दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांनी मात्रा कमी केली, नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब आणि आतून लावायला मलम दिलं.

पुढच्या महिन्यात आमच्या शेजारी, लीलाधरभाऊंच्या घरी लग्न होतं. खापर तापलं होतं. नाकात ओल जाणवताच मेघा बाजूला झाली, पुढे वाकली आणि नाक चिमटीत धरून बसली. आखाजीची ती पाहुणी तिथेही होती. मांडे का थांबले, असं तिने विचारलं.

"जरा दम धरा," पुष्पाबाई म्हणाल्या. "तिनी नाक धरेल शे. गोळीनं व्हतं तसं. मांडे तीच करी."

आणि तोवर दुखऱ्या मनगटावर त्यांनी स्वतः उंडा घेतला.