एकदाही रडली नाही

आमची मुलगी आता पाचवीत आहे. ती घरी आली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, बायको एकतीसची आणि मुलगी पाच महिने बारा दिवसांची. वजन पाच किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. हे आकडे मला पाठ आहेत, कारण दत्तक संस्थेतून बाळ हातात देताना त्यांनी एक फाइल दिली आणि ती मी टॅक्सीतच वाचून काढली. बायको बाळाकडे बघत होती, मी फाइलकडे. त्यावरून पुढे बरीच वर्षं टोमणे ऐकले.

फाइलमध्ये लसीकरणाचा कागद होता आणि दुधाचा तक्ता. सकाळी सहा, नऊ, बारा, दुपारी तीन, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. दर वेळी एकशेतीस मिलिलिटर. मी तेव्हा तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅकिंग तपासायला होतो, अजूनही तिथेच आहे. दर तासाला दहा पाकिटं उचलायची, वजन करायचं, रजिस्टरात लिहायचं. पाकिटावर पाचशे ग्रॅम छापलं असेल तर आत पाचशे ग्रॅम असलंच पाहिजे, हा माझा स्वभाव कारखान्याने केला की स्वभाव बघून कारखान्याने मला घेतलं, सांगता येणार नाही. पण तो तक्ता बघून मला हायसं वाटलं. बाळ कसं सांभाळायचं हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं. तक्ता कसा पाळायचा, हे मला माहीत होतं.

कोपरखैरण्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी तो तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि एक दोनशे पानी वही केली. पाच रकाने: वेळ, दूध, झोप, शी-शू, रडणं. नऊला पाच मिनिटं कमी असताना पाणी कोमट करायचं, नऊच्या ठोक्याला बाटली बाळाच्या तोंडात. मी कामावर असलो की बायको लिहायची. ती घरी शिकवण्या घ्यायची, त्या तिने बंद ठेवल्या होत्या.

शेवटच्या रकान्यात रोज शून्य.

मला त्याचा अभिमान वाटायचा. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, “बाळ आणलंय की फोटो आणलाय? आवाजच नाही तुमच्याकडे.” मी म्हणायचो, “वेळेवर सगळं मिळालं तर बाळ कशाला रडेल, काकू?” हे मी खरंच म्हणायचो.

चोविसाव्या दिवशी संस्थेच्या ताई घर बघायला आल्या. चहा झाला, खोली बघून झाली. मग त्यांनी विचारलं, “रडते का?”

“एकदाही नाही,” मी म्हणालो आणि वही पुढे केली.

ताईंनी सावकाश पानं उलटली. मला वाटलं, आता शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, “दादा, वही फार छान ठेवलीय तुम्ही. पण ती तुम्हाला हाक कशी मारते?”

“पाच-सहा महिन्यांचं बाळ हाक काय मारणार?”

“रडून मारतात ना,” त्या म्हणाल्या. जाताना बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

मला राग आला. सगळं नीट चाललेलं असताना मुद्दाम खोट काढल्यासारखं वाटलं.

संस्थेने सांगितलं होतं की सुरुवातीचे काही आठवडे घरात पाहुण्यांची गर्दी करू नका. मी त्याचा अर्थ तीस दिवस असा काढला होता आणि सासूबाईंनाही तीस दिवस येऊ दिलं नव्हतं. त्या मोरा बंदरातल्या, धक्क्याजवळ घर, हयात मासळी विकण्यात गेलेली. एकतिसाव्या दिवशी सकाळी सातला त्या दारात हजर. हातात खोबरेल तेलाची बाटली, काखेत जुन्या लुगड्याचं बोचकं.

“जावई, तीस दिवस मोजलेत ना? का अजून पास काढायचा हाय नातीला बघायचा?”

चपला काढल्या, हात धुतले आणि बाळाला घेऊन थेट न्हाणीघरात. पाटावर बसल्या, पाय लांब पसरले, बाळाला पायांवर पालथं घातलं आणि तेल चोळायला लागल्या. आम्ही दोघं दारात उभे.

“आता बघा कसा भोंगा लावते,” त्या म्हणाल्या. “हिची आय अशी वरडायची, धक्क्यावरचे खलाशी इचारायचे, कोन मेलं का?”

पहिला तांब्या ओतला. दुसरा ओतला. बाळाने डोळे मिटले, उघडले आणि नळाकडे बघत राहिलं. डोक्यावरून पाणी गेलं तरी हूं नाही की चूं नाही. सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी बाळाला उताणं करून तोंडाकडे निरखून बघितलं.

“ही रडत का नाय?”

“गुणी आहे,” मी म्हणालो.

“गुनी?” त्या म्हणाल्या. “जावई, पोर रडत नाय आनि तुमाला त्याचा आनंद हाय?”

बाळाला पुसून, लुगड्यात गुंडाळून त्या बाहेर आल्या. मी फ्रिजवरचा तक्ता दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवला.

“हे बाटलीचं झालं. हिला भूक कवा लागते?”

“नऊ वाजता.”

“नऊ घड्याळात वाजतात. हिच्या पोटात कवा वाजतात?”

एकतीस दिवसांत मी प्रत्येक बाटली मोजली होती, पण तिला भूक लागलेली एकदाही पाहिली नव्हती. तिला भूक लागायच्या आत बाटली आलेली असायची, किंवा लागून गेल्यावर.

तेवढ्यात बायको बोलली. भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता. “मागच्या आठवड्यात दुपारी मी स्वयंपाकघरात होते. ही झोपलीय असं समजून. बाहेर आले तर जागी. दुपटं ओलं, पाठ गार पडलेली. पंख्याकडे बघत पडली होती. किती वेळ पडली असेल, काय माहीत.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू वहीत लिहिलं असतंस.”

संस्थेला मी दोष देत नाही. तिथे एकेका बाईच्या अंगावर सात-आठ बाळं होती. त्यांनी तिला स्वच्छ ठेवलं, एकही लस चुकू दिली नाही. पण तिथे रडलं म्हणून बाटली लवकर येत नसे आणि गप्प राहिलं म्हणून उशिरा येत नसे. बाळ ते शिकलं. आणि मग आम्ही तिला घरी आणून महिनाभर तेच शिकवलं, जास्त काटेकोरपणे. तिथल्या बाया निदान पाच-दहा मिनिटं चुकत तरी असतील. मी चुकत नव्हतो.

सासूबाई तीन आठवडे राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी तक्ता फ्रिजवरून काढून मला दिला. “फाडत नाय. तुमचा कागद हाय. कपाटात ठेवा.” मग नियम सांगितले, तेही दोनच. पोर खाली ठेवायचं नाही, आणि तोंड हललं की बघायचं. बाळ दिवसभर कुणाच्या तरी अंगावर. बायको लुगडं पाठीवरून बांधून तिला छातीशी घेऊन पोळ्या लाटायची. मी कामावरून आलो की माझी पाळी.

मला ते फार जड गेलं. नऊ वाजले की हात आपोआप बाटलीकडे जायचा. बाळ शांत, मी अस्वस्थ. पहिल्या दिवशी ती किती प्यायली हे मी मनात मोजलंच: साठ, नव्वद, चाळीस, एकशेदहा, सत्तर. पूर्वीच्या निम्म्यापेक्षा किंचित कमी. आठवड्याने दवाखान्यात वजन केलं तर दीडशे ग्रॅम उतरलेलं. मी डॉक्टरांसमोरच बायकोला म्हणालो, “उद्यापासून तक्ता.”

“नाही,” ती म्हणाली.

“दीडशे ग्रॅम कमी झालंय.”

“झालं असेल. पण काल तिने मूठ तोंडात घातली आणि माझ्याकडे बघितलं. बाटलीकडे नाही, माझ्याकडे. तुझ्या काट्यावर ते येतं का?”

डॉक्टरांनी आमच्या भांडणात न पडता बाळ तपासलं आणि सांगितलं की ती ठणठणीत आहे, पंधरा दिवस वाट बघा. पंधरा दिवसांत दीडशे भरून निघाले आणि वर दोनशे ऐंशी चढले.

मी हळूहळू शिकलो. झोप आली की ती डावा कान चोळते. भूक लागली की आधी जीभ बाहेर काढते, मग मूठ. कंटाळली की मान फिरवते. आठव्या महिन्यात तिने नाकातून एक आवाज काढायला सुरुवात केली, दार करकरतं तसा. तो ऐकला की आम्ही दोघंही धावायचो आणि दारात एकमेकांवर आपटायचो. पण रडणं नाही. आणि कुणाकडेही जायची. शेजारच्या काकूंकडे, वॉचमनकडे, लिफ्टमध्ये भेटलेल्या कुणाही माणसाकडे. हात पुढे केला की चालली. लोक म्हणायचे, “किती माणसाळलेली आहे!” बायको हसायची आणि घरात आल्या आल्या तिला पुन्हा लुगड्यात बांधून घ्यायची. नवव्या महिन्यात कागदपत्रांचं काम पूर्ण झालं, दत्तकाचा आदेश हातात आला. सरकारच्या लेखी ती आमची झाली. तिच्या लेखी आम्ही कोण होतो, हे सांगणारा कागद नव्हता. आम्ही तिला उचलून घेणाऱ्या बऱ्याच लोकांपैकी दोघं होतो की आणखी कुणी, याची आम्हाला खात्री नव्हती.

अकराव्या महिन्यात सासूबाईंनी जावळ काढायचं ठरवलं, मोऱ्याला, त्यांच्या अंगणात. आमच्याकडे आणि त्यांच्याकडे रीत एकच: बाळाला मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायचे. मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लाँचवर कामाला. तो नवा शर्ट घालून पाटावर बसला. मुलीला त्याच्या मांडीवर दिलं. ती त्याला आयुष्यात तिसऱ्यांदा बघत होती, तरी खुशाल बसली आणि त्याच्या शर्टाचं बटण ओढायला लागली. न्हाव्याने डोकं भिजवलं. बायको आत चुलीवरच्या सांदणांचं बघत होती. मी समोर दहा फुटांवर.

पहिली बट निघाली आणि माझा फोन वाजला. कारखान्यातून होता. अंगणात गलका, म्हणून मी फाटकाबाहेर गेलो.

“हॅलो” म्हणालो असेन नसेन, मागून किंकाळी आली. मला वाटलं, वस्तरा लागला. फोन तसाच खिशात टाकून धावलो. न्हावी दोन्ही हात वर करून उभा होता, “मी नाय काय केलं, मी हातच नाय लावला!” मुलीच्या डोक्यावर ओरखडा नव्हता. ती मामाच्या मांडीवर ताठ उभी राहून फाटकाकडे बघत होती, तोंड लालबुंद, खालचा ओठ थरथरत होता. मला बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले.

मी घेतलं. ती गप्प झाली आणि माझी कॉलर तोंडात धरली. मामाकडे परत दिली, पुन्हा तोच भोंगा. पुन्हा घेतलं, गप्प. तिसऱ्यांदा मी देऊन बघणार होतो, तर सासूबाई खेकसल्या, “पुरे! वजन करताव काय?”

बायको आतून ओल्या हाताने धावत आली. “काय झालं?”

“रडली,” मी म्हणालो. “मी बाहेर गेलो म्हणून रडली.”

तिने मुलीकडे बघितलं. मुलीने एकदा आईकडे बघून माझ्या मानेत तोंड घातलं. बायकोचे डोळे भरले, पण बोलली ते असं: “बरं आहे हं! पोळ्या मी लाटायच्या आणि रडायचं ह्याच्यासाठी? थांब, आता मी जाते बाजारात, बघू काय करतेस.”

“बाजार मागून,” न्हावी म्हणाला. “एक बट निघालीय. अर्धं डोकं ठेवून जायचं काय?”

प्रश्न खरा होता. मांडी मामाचीच हवी आणि मुलगी मला सोडेना. सासूबाई मामाकडे वळल्या.

“मांडी हाय ना? मग बस गुमान,” त्या मुलाला म्हणाल्या. “जावई, तुमी त्याच्या मांडीवर बसा. पोर तुमच्या मांडीवर.”

“आय! दाजी अठ्ठ्याहत्तर किलोचे हायेत!”

“एकोणऐंशी,” मी म्हणालो. “आणि ही सात किलो नऊशे.”

“ऐकलं? म्हंजे किती झाले?” मेहुणा म्हणाला.

“शहाऐंशी किलो नऊशे.”

“नोकरी लाँचवर करतोस का फुलाच्या दुकानात? बस!”

मी मेहुण्याच्या मांडीवर बसलो. चौतीस वर्षांचा माणूस, अर्ध्या कोळीवाड्यासमोर. खालून मेहुणा कण्हत होता, न्हावी बजावत होता की खालचा हलला तर वरचीचा कान जाईल, बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मुलगी अधूनमधून हुंदके देत होती, पण माझ्या शर्टात तोंड खुपसून. वस्तरा फिरत होता आणि ओले केस माझ्या हातांवर पडत होते. मी काहीही मोजलं नाही. किती वेळ लागला, हे आजही सांगता येणार नाही.

“झालं, उठा,” न्हावी म्हणाला. मेहुण्याला उठवायला दोघं लागले.

खिशात फोन पुन्हा वाजत होता. अंगणात आता जास्तच गलका होता, बोलायला फाटकाबाहेरच जावं लागणार होतं. तिला घेऊनच गेलो.