दारातून ऐकलेलं गाऱ्हाणं

कणकवलीच्या दवाखान्यात आईची आणि माझी शेवटची भेट झाली, तेव्हा माझी दुसरी लेक दोन महिन्यांची होती. आईने तिच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि हळूच विचारलं, "तुका सासरी कोण काय बोलनत नाय मां गो?" चार दिवसांनी ती गेली... जाताना बाईला हे विचारावंसं वाटतं, याचा मला अजून संताप येतो.

आम्ही चार बहिणी. बाबा मुंबईच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचे, आई तारकर्लीला सासूपाशी. मुलगा नाही म्हणून बाजारात कुणी कीव केली की ती फटकन म्हणायची, "चारय चेडवां माझी, तुझ्या पोटात कित्या दुखता?" घरात मात्र गप्प. दर मे महिन्यात बाबा आले की पडवीत देवापुढे नारळ ठेवून मागणं मागायचं, म्हणजे गाऱ्हाणं व्हायचं. पुरुष नारळाभोवती, बायका स्वयंपाकघराच्या दारात. मोठे काका म्हणायचे, "हिच्या कुशीचो जो काय दोष आसात, तो दूर कर रे म्हाराजा!" सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" त्यात बाबांचाही आवाज असायचा. आई चौकट धरून ऐकायची आणि मग त्याच माणसांना सोलकढी वाढायची.

तिच्या तेराव्याला बाबांचे एक जुने सहकारी आले. आम्हा चौघींना बघून भाबडेपणाने म्हणाले, "आमच्या खात्यात सगळ्यांना मुलीच. पाच जणांत किरण अडवणारे शिशाचे एप्रन दोन, तेही फाटके. किरणांचा प्रसाद, म्हणून एकमेकांना चिडवायचो." किरणांमुळे मुली होतात असं मी म्हणत नाही, जाणकारांचंही त्यावर एकमत नाही. पण मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, एवढं आम्हीसुद्धा शाळेत शिकलो होतो. आणि फाटके एप्रन देणाऱ्या साहेबांचा दोष कुणी कधी देवापुढे काढला नाही.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "बाबा, आईचो दोष नाय, ह्यां तुमका म्हायत होतां?"

"होतां गो... तुझ्या आजयेसमोर बोलाचो धीर झालो नाय."

धीर! मुंबईत हसायला बरा झाला. माझा बाप वाईट माणूस नाही, म्हणून तर जास्त चीड येते.

महिन्याभराने घराच्या भल्यासाठी पुन्हा गाऱ्हाणं घालायचं ठरलं. काका पुढे झाले, पण मी नारळ उचलून बाबांच्या हातात दिला. म्हटलं, "आता तुमीच बोला. मोठ्यान."

बाबांनी नारळ देवापुढे ठेवला. "बा देवा म्हाराजा... हिचो कसलोच दोष नाय होतो. माका म्हायत आसान मी गप रवलंय..."

पडवीतले पुरुष जमिनीकडे बघत राहिले. तेव्हा आई उभी राहायची त्याच दारातून आम्ही चौघी ओरडलो, "व्हय म्हाराजा!"