पडणे आणि उतरणे

चाकांच्या खुर्चीतून ताई पडली, तर तिच्या मनगटावरचा पट्टा माझ्या फोनची घंटा वाजवतो. आज सकाळी ती वाजली. मी धावत अंगणात गेले, तर ताई जमिनीवर बसून रांगोळी काढत होती.

"पडलीस?"

"उतरले गं. खुर्चीत बसून कुणी रांगोळी काढतं का?"

तिच्या चिमटीतून पांढरी रेघ संथ झरत होती. कोपरावर मात्र ताजा, ओलसर ओरखडा होता. खुर्चीचा ब्रेकही लावलेला नव्हता. पडणे आणि उतरणे यांतले अंतर पट्ट्याला कळत नाही. मला तरी कुठे कळले? तिला उचलावे, की तिच्या शब्दाला जपावे? मी शेजारी टेकले. हातातल्या फोनची घंटा वाजतच होती.

"ती बंद कर," ताई म्हणाली. "आणि कमळ पुरं झालं, की उचल मला."