गुलाबरावांची दुर्मीळ गाठ

पॅथॉलॉजीत पेशंट सहसा येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात. तरी किस्से कसे साठतात कोण जाणे! एकट्या गुलाबरावांच्या केसनेच आमच्या डोक्याचा पार भुगा केला.

*

गुलाबराव नाचणगावचे, रिटायर्ड क्लार्क. वजन झरझर उतरत होतं. दुर्बीण टाकणाऱ्या आमच्या डॉ. देशकरांनी विचारलं, "घास अडकतो का?"

"नाई."

"नक्की?"

"नाई म्हणतो ना!"

देशकर भलत्याच तपासण्या लिहीत सुटले. शेवटी गुलाबरावांच्या पत्नी, शांताकाकू, म्हणाल्या, "घास अडकन कसा? दोन महिने झाले, नुसतं वरणाचं पाणी पिऊन राह्यले ते!"

*

दुर्बिणीतून अन्ननलिकेत गाठ दिसली. देशकरांनी तुकडा काढून फॉर्मालिनमध्ये घातला, म्हणजे तो खराब होत नाही. बाटली माझ्याकडे पोचवायचं काम गुलाबरावांच्या मुलाचं, प्रफुल्लचं. लॅब बंद झाली म्हणून हा ती घरी घेऊन गेला! दुसऱ्या दिवशी बाटली उघडली, तर फॉर्मालिनचा वासच नाही.

"लय वास मारून राह्यलं होतं मॅडम, फेकलं ते. पण साधं नाई, विकतचं पाणी टाकलं!"

मी कपाळाला हात लावला.

*

दुसरा तुकडा आला तो नुसत्या वरच्या अस्तराचा. गाठ त्याच्या खाली! मी फोनवर ओरडलेच, "सर, जरा खोलातून घ्या!"

"मॅडम, अन्ननलिका आहे ती, विहीर नाही!"

शेवटी मी रिपोर्ट लिहिला: तुकड्यात दोष नाही, पण तुकडा अपुरा आहे, तपासणी पुन्हा करावी.

*

घरच्यांनी 'दोष नाही' इथपर्यंतच वाचलं! प्रफुल्ल गावभर पेढे वाटून मोकळा, एक पुडा माझ्याही टेबलावर. मी त्याला चांगलंच झापलं. दारात उभ्या काकूंनी हळूच विचारलं, "दोष नाई, तं त्याईले पेढा काऊन नाई उतरला, बाई?"

मग मी देशकरांची पाठच सोडली नाही.

*

तिसरा तुकडा खोलातला मिळाला. भिंगाखाली पाहते तर नेहमीचा कॅन्सर नव्हताच, लिम्फोमा होता, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, अन्ननलिकेत क्वचितच सापडणारा! आमचे हेड स्लाइड न बघताच म्हणाले, "अन्ननलिकेत? दुसऱ्या कोणाची स्लाइड असेल."

मी लेबल दाखवलं.

"मग लेबल चुकलं असेल."

पुढच्या विशेष तपासण्यांतही लिम्फोमाच निघाला. तेव्हा हेड म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होतीच!"

*

मग राउंडला वॉर्डात जत्राच भरली. हेड, देशकर, मी, मागे सगळे विद्यार्थी. कोणी हात मिळवतंय, कोणी स्लाइडचा फोटो मागतंय. "रेअर केस आहे सर, कॉन्फरन्सला पाठवायलाच हवी!" देशकरांनी माझं सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. मीही हसत होते.

गुलाबराव उशीला टेकून आमच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहत होते. पाहता पाहता त्यांचाही चेहरा खुलला. त्यांनी काकूंचा हात धरला.

"पाह्य वं, समदे डाक्टर कसे खूश होऊन राह्यले! म्हंजे सुटलो आपण. चाल, कपडे भर."